ग्रामसभेआधी मोबाइलवर हिशेब

प्रश्न : दिंडोरी तालुक्यातल्या आमच्या गावात गटार झालं म्हणतात, जागेवर काहीच दिसत नाही. ग्रामसभेत विचारण्याआधी खर्च मोबाइलवर पाहता येईल का? (एक वाचक, जि. नाशिक)

उत्तर : येईल. ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या कामांच्या आणि हिशेबाच्या सरकारी संकेतस्थळावर राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत निवडा. वर्ष मात्र आर्थिक घ्या. फेब्रुवारी २०२५ मधला खर्च २०२४-२५ मध्ये सापडतो. लोक नेमके इथेच चुकतात आणि ‘नोंदच नाही’ म्हणून परततात.

ग्रामपंचायतीच्या वार्षिक विकास आराखड्यातली रक्कम हा नुसता अंदाज असतो, तिच्यावरून भांडू नका. पैसे दिल्याची नोंद शोधा, तारखेसकट. कामाचं नाव बहुधा ‘गटार बांधणे’ इतकं मोघम. कुठून कुठपर्यंत, किती मीटर, हे मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे झालेल्या कामाची मापं लिहिलेल्या सरकारी वहीत, कळतं. तिची प्रत माहितीच्या अधिकारात मागा : विषय एकच, मजकूर १५० शब्दांच्या आत, शुल्क १० रुपये. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते, म्हणून अर्ज ग्रामसभेच्या महिनाभर आधीच टाका.

स्क्रीनशॉट कागदावर छापून न्या. ऐन सभेत रेंज जाते. आणि प्रश्न इतिवृत्तात लिहिला गेल्याशिवाय खाली बसू नका.