थ्री कार्ड पोकर: 'जोडी नाही तर पॅक' आणि पेअर प्लसचा तक्ता (अनुभव, लांबलचक आहे)

"मांडवीतल्या कॅसिनो बोटीवर दोन तासांत अठरा हजार गेले. पाचशेची अँटी, जोडी नसेल तर सरळ पॅक, आणि कव्हर म्हणून दर डावाला पाचशे पेअर प्लसवर." तुमच्या पोस्टमधलं हे वाचलं आणि राहवेना. दोन वर्षांपूर्वी मीही अशीच खेळत होते. कव्हर हा शब्दसुद्धा माझाच होता. (नवख्यांसाठी: अँटी म्हणजे पत्ते बघण्याआधीची पैज. पत्ते बघून एकतर 'प्ले', म्हणजे तितकीच रक्कम आणखी लावून डीलरशी भिडायचं, नाहीतर पॅक करून अँटी सोडायची. पेअर प्लस ही वेगळी पैज: जोडी किंवा वरचा हात आला की तक्त्याप्रमाणे पैजेच्या तितकी पट पैसे.)

आधी सांगते, मी कुणाला खेळायला सांगत नाहीये. डीलरविरुद्धच्या कुठल्याही पोकरमध्ये शेवटी फायदा कॅसिनोचाच असतो, कितीही नीट खेळलात तरी. मी हिशेबनीस आहे, जुगारातली तज्ज्ञ नाही. पण जाणारच असाल तर कमी हरून या, एवढंच.

अँटी कुठे ठेवायची, पत्ते कसे उचलायचे यात जात नाही, ते तुम्हाला येतंय.

तुमचे अठरा हजार नशिबाने गेले नाहीत. तीन पत्त्यांचे एकूण २२,१०० हात होतात. त्यात जोडी किंवा त्याहून वरचे फक्त ५,६६०, म्हणजे चारात एक. तासाला पंचेचाळीस डाव धरले तर दोन तासांत नव्वद. त्यातले साधारण सदुसष्ट तुम्ही पॅक केलेत. सदुसष्ट गुणिले पाचशे म्हणजे साडेतेहतीस हजार तुम्ही पत्ता न दाखवता देऊन टाकलेत. चांगल्या हातांनी त्यातले थोडे परत आणले, म्हणून आकडा अठरावर थांबला.

ही घरच्या तीन पत्तीची सवय आहे. दिवाळीला घरी बसतो तेव्हा समोर पाच-सात जण असतात, कुणाकडे तरी जोडी निघतेच, म्हणून एक्का असूनही आपण पॅक करतो. इथे समोर एकच जण आहे. आणि त्या डीलरकडे राणी किंवा त्याहून वरचा हात नसेल तर तो क्वालिफायच होत नाही. तुम्हाला अँटीचे पैसे मिळतात, प्लेची रक्कम जशीच्या तशी परत. हे दर शंभरात तीस वेळा होतं.

अँटी एक रुपया धरा. तुमचा हात इतका पडका आहे की डीलर क्वालिफाय झाला तर तुम्ही हरणारच. पॅक केलंत तर एक रुपया गेला. खेळलात तर शंभरात नेमके ३०.४ वेळा एक रुपया येतो, ६९.६ वेळा दोन जातात. सरासरी एक रुपया नऊ पैसे तोटा. पॅकपेक्षा जेमतेम नऊ पैसे जास्त! म्हणजे शंभरात दोन-तीन हात जरी क्वालिफाय झालेल्या डीलरला हरवू शकले तरी खेळणं स्वस्त पडतं. ती हद्द येते राणी-सहा-चारवर. राणी-सहा-चार किंवा वर असेल तर खेळा, खाली असेल तर पॅक. एक्का किंवा राजा हातात असेल तर बाकी पत्ते बघायचेच नाहीत, प्ले. राणी असेल तर दुसरा पत्ता बघा: सातच्या वर किंवा सात असेल तर खेळा, पाच किंवा खाली असेल तर पॅक, सहा असेल तर तिसरा निदान चौकी हवी. राणी-सात-दुरी खेळायचं, राणी-सहा-तिर्री टाकायचं. संपली स्ट्रॅटेजी. असं खेळून अँटीवर कॅसिनोचा वाटा ३.३७ टक्के राहतो (सिक्वेन्सला, म्हणजे ओळीच्या तीन पत्त्यांना, अँटीच्या १ पट, ट्रेलला, म्हणजे तीन सारख्या पत्त्यांना, ४ आणि प्युअर सिक्वेन्सला, म्हणजे एकाच चिन्हाच्या सिक्वेन्सला, ५ असा जादा अँटी बोनस असेल तर). काहीच न टाकता प्रत्येक हात खेळलात तर तो ७.६५ होतो. म्हणून ब्लाइंड चाल खेळल्यासारखं न बघता प्ले करणाऱ्यांचंही ऐकू नका. डीलर घाबरून पॅक करत नाही.

आता पेअर प्लस. माझे सगळ्यात जास्त पैसे इथे गेले.

मी अभ्यास करून गेले होते. वाचलं होतं की पेअर प्लसवर कॅसिनोचा वाटा २.३२ टक्के, अँटीपेक्षाही कमी. मग मी शहाणपणाने अँटी पाचशेच ठेवली आणि पेअर प्लसवर हजार लावायला लागले. तीन ट्रिप, मिळून वीसेक तास, म्हणजे नऊशे डाव. तिसऱ्या ट्रिपला बदामचा फ्लश आला, म्हणजे तिन्ही पत्ते बदामचे. डीलरने पेअर प्लसपुढे चिप्स सरकवल्या आणि मी पहिल्यांदा मोजल्या. हजाराच्या तीन. मी म्हटलं, एक कमी आहे. तो काही बोलला नाही, माझ्या सरबताच्या ग्लासकडे बोट केलं. ग्लास उचलला तर खाली कडेला चिकटवलेला छोटा लॅमिनेट केलेला तक्ता, त्यावर ग्लासाचा ओला गोल: जोडी १, फ्लश ३, सिक्वेन्स ६, ट्रेल ३०, प्युअर सिक्वेन्स ४०.

मी वाचलेल्या तक्त्यात फ्लशला ४ होते. बाकी सगळं तेच. २२,१०० पैकी १,०९६ हात फ्लशचे, म्हणजे ४.९६ टक्के. त्या एका आकड्याने २.३२ चे ७.२८ होतात. माझ्या नऊशे डावांत पंचेचाळीसच्या आसपास फ्लश आले असणार, दर फ्लशला हजार कमी. पंचेचाळीस हजार रुपये, आणि तेही तक्ता पहिल्या दिवसापासून माझ्या कोपरापाशी असताना. जिंकल्यावर अँटी, प्ले आणि पेअर प्लसचे पैसे एकदम येतात, ढीग मोठा दिसतो, कोण मोजतं?

मदत काउंटरवर गेले. पैसे मागायला नाही, चूक माझीच होती. फक्त विचारलं की बाकीच्या टेबलांवर कोणता तक्ता आहे. "मॅडम, टेबलवर लिहिलेलं असतं." तीनदा तेच उत्तर. छापील नियमपत्रक मागितलं तर तेही नाही. बुफे कितीला बंद होतो हे मात्र न विचारता सांगितलं. याचा राग अजून गेलेला नाही. हजारो रुपये घेता, तर हातभर लांबीचा फलक लावायला काय जातं?

तेव्हा बसण्याआधी तक्ता वाचा. फ्लशला ३ असेल तर पेअर प्लसला हातही लावू नका. आणि ते कव्हर नसतंच. पाचशेच्या अँटीवर नीट खेळून डावाला सतरा रुपये जातात, ३ वाल्या पेअर प्लसवर छत्तीस. म्हणजे तुमचं कव्हर मूळ पैजेच्या दुप्पट खातं.

तीन पत्तीवाल्यांसाठी आणखी दोन फरक. इथे प्युअर सिक्वेन्स ट्रेलच्या वर असते. आणि एक्का-दुरी-तिर्री, जी आपण घरी डोक्यावर घेतो, ती इथे सगळ्यात लहान सिक्वेन्स.

कॅरिबियन स्टडबद्दलही (डीलरविरुद्धचाच, पण पाच पत्त्यांचा पोकर) विचारलंय. त्यात अँटीवर वाटा ५.२२ टक्के आहे. जोडी असेल तर खेळा, एक्का-राजापेक्षा कमी असेल तर पॅक. मधल्या एक्का-राजाच्या हाताला बारीक नियम आहेत, ते पाठ नसतील तर त्या टेबलला न बसलेलं बरं.

पैशांचं एक. चिप्सवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला, तो पॅकेजमध्ये धरलाय की वेगळा हे काउंटरवर आधी विचारा. जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के प्राप्तिकर आहे आणि हरलेले त्यातून वजा होत नाहीत. नेमकं तुमच्या सीएला विचारा, मी कर सल्लागार नाही.

डिसेंबरात मेहुण्यांबरोबर परत जाणार म्हणताय. त्याआधी घरी कॅट घेऊन दोघं बसा, तीन-तीन पत्ते वाटा आणि मोठ्याने 'प्ले' की 'पॅक' बोला, पैसे न लावता. पन्नास डाव झाले की राणी-सहा-चार डोक्यात बसतं. आणि त्या बोटीवरच्या तक्त्यात फ्लशला किती होते हे आठवत असेल तर इथे लिहा. टेबल तेच आहे का, मला बघायचंय.