मायकेल ब्रुनो यांच्या वाटेविषयी, एका विद्यार्थिनीस

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. मध्यवर्ती बँकेच्या संशोधन विभागातली नोकरी घ्यावी की प्रबंध पुरा होईपर्यंत विद्यापीठातच राहावे, असे तू विचारले आहेस. एकदा धोरणाच्या कामात शिरलेला माणूस अभ्यासाला कायमचा मुकतो, ही धास्तीही तुझ्या पत्रात जागोजागी दिसते. माझे मत आधीच सांगतो: नोकरी घे. हे मी ज्यांच्या आधाराने म्हणतो, ते इझ्राएलचे अर्थशास्त्रज्ञ मायकेल ब्रुनो तुझ्या विषयातलेच आहेत. महागाई भत्ता आणि चलनवाढ यांच्या नात्यावर आधी ग्रंथ लिहून, मग त्याच प्रश्नावर सरकारसोबत बसून तोडगा काढणारी माणसे फार थोडी.

ब्रुनो यांचा जन्म 1932 साली हॅम्बुर्गमध्ये झाला आणि पुढच्याच वर्षी, हिटलर सत्तेवर आल्यावर, त्यांचे कुटुंब पॅलेस्टाइनला गेले. केंब्रिजमध्ये शिकून परतल्यावर ते देशाची मध्यवर्ती बँक असलेल्या बँक ऑफ इझ्राएलच्या संशोधन विभागात लागले. स्टॅनफर्डची डॉक्टरेट त्यांना 1962 साली मिळाली. त्या काळात देशाला परकीय चलनाची सतत चणचण होती आणि संत्री, कापड, खते अशा प्रत्येक उद्योगाचा सरकारकडे सवलतींसाठी तगादा असे. त्यातून ब्रुनो यांनी साधा दिसणारा प्रश्न उचलला: एक डॉलर मिळवण्यासाठी किंवा वाचवण्यासाठी या उद्योगात देशातले किती श्रम आणि किती भांडवल खर्ची पडते? ती किंमत विनिमय दराच्या फार वर जात असेल, तर त्या उद्योगाला पोसणे देशाला परवडत नाही. हे मोजमाप पुढे अनेक विकसनशील देशांत प्रकल्प पारखण्यासाठी वापरले गेले. असा प्रश्न ग्रंथालयात बसून सुचत नाही. तो कचेरीतल्या फायलींतून वर येतो, आणि तो ओळखण्यासाठी मात्र ग्रंथालयातली तयारी लागते.

त्यानंतर ते जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात आले. 1949 मध्ये शिकागोच्या शिक्षणासह तिथे पोहोचलेल्या डॉन पॅटिन्किन यांनी तो विभाग घडवला होता, आणि सिद्धान्त कसून शिकायचा पण देशाचे आकडेही हाताळायचे, अशी त्याची शिस्त होती. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जेफ्री सॅक्स यांच्याबरोबरचा ब्रुनो यांचा ग्रंथ 1985 साली आला. 1970च्या दशकातल्या तेलाच्या दरवाढीनंतर श्रीमंत देशांत मंदी आणि महागाई एकाच वेळी का आली, आणि काही देश तुलनेने लवकर का सावरले, याचा शोध त्यात आहे. तेल महागल्यावर देश एकूणात गरीब होतो; वेतन जर किमतींना घट्ट बांधलेले असेल, तर हा तोटा कोणीच सोसायला तयार होत नाही आणि तो बेकारीच्या रूपाने बाहेर पडतो. जिथे कामगार संघटना, मालक आणि सरकार एकत्र वाटाघाटी करतात तिथे हे ओझे वाटून घेता येते, असे त्यांना दिसले.

तो ग्रंथ आला त्याच वर्षी त्याची परीक्षा झाली. 1984 मध्ये इझ्राएलची चलनवाढ 400 टक्क्यांच्या वर गेली होती. वेतन, बचत, कर्जे, सारे काही किमतींच्या निर्देशांकाला बांधलेले, म्हणजे महागाईबरोबर आपोआप वाढणारे असल्यामुळे लोक त्या महागाईबरोबर कसेबसे जगत होते, आणि म्हणूनच ती मोडायला कोणी धजत नव्हते. त्या वर्षाच्या अखेरीस किमती व वेतने गोठवण्याचा त्रिपक्षीय करार झाला. अर्थसंकल्पातली तूट तशीच राहिल्याने महागाई काही काळ उतरली आणि पुन्हा उसळली. मग पंतप्रधान शिमॉन पेरेस यांच्या सांगण्यावरून एका लहान गटाने गुपचूप आराखडा तयार केला. ब्रुनो आणि एतान बर्गलास हे प्राध्यापक त्यात होते. मंत्रिमंडळ रात्रभर बसले आणि 1 जुलै 1985 रोजी निर्णय झाला. चलनाचे अवमूल्यन करून डॉलरचा दर 1500 शेकेलवर बांधला, अनुदाने छाटली, किमती गोठवल्या, महागाई भत्ता तात्पुरता थांबवला. हिस्ताद्रुत या कामगार महासंघाने लगेच सार्वत्रिक संप केला. दोन आठवड्यांच्या घासाघिशीनंतर कामगारांना काही भरपाई देऊन समेट झाला. सरकारची तूट भरण्यासाठी मध्यवर्ती बँकेने कर्ज द्यायचे नाही, असा कायदाही त्याच वर्षी झाला. 1986 मध्ये चलनवाढ 20 टक्क्यांच्या आसपास आली.

अर्जेंटिनाने 1985च्या जूनमध्ये आणि ब्राझीलने 1986च्या फेब्रुवारीत किमती गोठवल्याच होत्या, पण तूट आवरली नाही. दोन्ही योजना कोसळल्या. तुझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात ही तुलना यायलाच हवी. मात्र इझ्राएलच्या यशाचे गोडवे गाताना त्याची किंमतही लिही: नंतरची काही वर्षे वास्तव व्याजदर (महागाई वजा जाता उरणारे) अतिशय चढे राहिले, किब्बुत्झ ही सामुदायिक शेती-वसाहती कर्जात बुडाल्या, आणि 1989 पर्यंत बेकारी नऊ टक्क्यांच्या घरात गेली. स्वतः ब्रुनो 1986 ते 1991 बँक ऑफ इझ्राएलचे गव्हर्नर होते, तेव्हा ही जबाबदारी त्यांच्याकडेही येते. माझ्या मते ओझे समान वाटले गेले नाही.

तुझ्या धास्तीविषयी आता एवढेच. गव्हर्नरपद सोडल्यावर त्यांनी सहमतीने उपचार या सूत्राभोवती स्थिरीकरणाचा, म्हणजे महागाई आटोक्यात आणण्याचा, ग्रंथ लिहिला, तो 1993 मध्ये आला. त्याच वर्षी ते जागतिक बँकेचे मुख्य अर्थशास्त्रज्ञ झाले, आणि तिथेही विल्यम ईस्टरली यांच्याबरोबर, महागाई 40 टक्क्यांच्या वर गेली की आर्थिक वाढीचे काय होते, हे अनेक देशांच्या आकड्यांवरून तपासत राहिले. 1996च्या अखेरीस त्यांचे निधन झाले. या तपासणीवरचा दोघांचा निबंध नियतकालिकात त्यानंतर छापला गेला.

तेव्हा रुजू होण्यापूर्वी प्रबंधाची पहिली दोन प्रकरणे पुरी करून माझ्याकडे पाठव. विभागात गेल्यावर कामगार संघटनांबरोबरच्या वेतन करारांच्या जुन्या नोंदी पाहायला मिळतात का, ते आधी विचार. त्या मिळाल्या तर तिसऱ्या प्रकरणाची मांडणी आपल्याला बदलावी लागेल.

तुझा,
मार्गदर्शक