'त्रिज्या'तले तीन कोणते?

विचारणा अशी: केंद्रापासून परिघापर्यंतची रेघ तर एकच, मग तिला 'त्रिज्या' का म्हणतात? तीन काय आहेत?

तीन राशी. 'परिघ व्यासाच्या साधारण तिप्पट असतो म्हणून' असाही तर्क लढवता येतो, पण शब्दाचा त्याच्याशी काही संबंध नाही.

ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. वर्तुळाचा तुकडा हे चाप, त्याची टोकं जोडणारी रेघ ज्या किंवा जीवा, आणि दोरीच्या मध्यापासून चापाच्या मध्यापर्यंतचा तो शर. ग्रीक खगोलज्ञ टॉलेमीचं कोष्टक (कोणत्या चापाची दोरी किती, याची यादी) अख्ख्या जीवांचं होतं. भारतीय गणितींनी अर्धी जीवा घेतली, कारण आकडेमोडीतल्या काटकोन त्रिकोणाची बाजू तीच असते. ही 'अर्धज्या'. वापरून वापरून 'अर्ध' गळलं आणि नुसती 'ज्या' उरली.

आता एक राशी ३० अंशांची, तीन राशी ९० अंश. अर्धज्या म्हणजे दुप्पट चापाच्या दोरीचं अर्ध, म्हणून ९० अंशांची ज्या काढायची म्हणजे १८० अंशांच्या चापाची दोरी अर्धी करायची. ती दोरी म्हणजे व्यास. त्याचं अर्ध म्हणजे त्रिज्या. पूर्ण शब्द 'त्रिराशिज्या' किंवा 'त्रिभज्या' (भ म्हणजे राशी). इथे ज्या अख्खी धरली तर गणित फसतं: ९० अंशांच्या चापाची पूर्ण दोरी त्रिज्येच्या १.४१४ पट भरते.

आर्यभटाच्या कोष्टकात हे आकड्यांत दिसतं. परिघ २१,६०० कला (एका अंशाच्या ६० कला), त्याला ६.२८३२ ने भागलं की त्रिज्या ३४३८ कला. दर २२५ कलांना एक अशा २४ ज्या. ज्यांमधले फरक २२५, २२४, २२२, २१९, २१५, २१०, २०५, १९९ असे उतरत जातात. या आठांची बेरीज म्हणजे आठवी ज्या: १७१९, ३४३८ च्या बरोबर निम्मी. ही ज्या ३० अंशांची (८ × २२५ = १८०० कला), आणि ज्येला त्रिज्येने भागलं की साइन; शाळेत आपण साइन ३० म्हणजे १/२ असंच पाठ करतो.

तो 'साइन'ही इथलाच. 'जीवा'चं अरबीत 'जीबा' झालं. ऱ्हस्व स्वर लिहायची पद्धत नसल्याने पुढच्यांनी ती अक्षरं 'जैब' अशी वाचली, म्हणजे वस्त्राची घडी, गळा (हिंदीतली 'जेब' तीच). १२व्या शतकातल्या लॅटिन अनुवादकांनी त्याचं 'सायनस' केलं. अर्थ चुकला, कोष्टक मात्र शाबूत पोचलं!

मराठी पाठ्यपुस्तकांत 'जीवा' आज पुन्हा अख्खी आहे, तर 'त्रिज्या'तली ज्या अजून अर्धीच. जुने सिद्धांतग्रंथ (खगोलगणिताचे संस्कृत ग्रंथ) वाचताना इथेच घोटाळा होतो: तिथे जीवा, ज्या, मौर्वी हे शब्द बहुधा अर्ध्या दोरीसाठी येतात.

जाता जाता: सामान्यरूप 'त्रिज्ये-', म्हणून 'त्रिज्येचा वर्ग', 'त्रिज्येने'. 'त्रिज्याचा' नको. अनेकवचन मात्र 'त्रिज्या'च.