लॅपटॉपबरोबर गळ्यात पडलेलं विंडोज

प्रश्न : मी वडोदऱ्यात दांडिया बाजारात राहतो, घरूनच लिनक्सवर (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) डीटीपीची, म्हणजे छपाईसाठी पानं जुळवण्याची, कामं करतो. चार महिन्यांपूर्वी घेतलेल्या लॅपटॉपमध्ये विंडोज आधीच होतं. त्याचे पैसे परत मागितले, तर दुकानदार आणि कंपनी एकमेकांकडे बोट दाखवतात. मायक्रोसॉफ्टवर केस करता येईल का?

उत्तर : केस लॅपटॉप कंपनी आणि दुकानदारावर करा. अटी मान्य नसतील तर परताव्यासाठी उत्पादकाकडे जा, असं विंडोजच्या परवान्यातच आहे. पण उत्पादकाच्या धोरणानुसार अख्खा लॅपटॉप परत करावा लागू शकतो, हेही तिथेच लिहिलंय. बाजार मायक्रोसॉफ्टच्या मुठीत, आणि परताव्याची जबाबदारी मात्र दुसऱ्यावर! ही ग्राहकाची अडवणूकच आहे.

पहिल्यांदा सुरू करताना 'स्वीकार' दाबलंत का? दाबलं असेल तर बाजू बरीच लंगडी होते.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४१) नुसार एका वस्तूसाठी दुसरी घ्यायला लावणं ही निर्बंधात्मक व्यापारी प्रथा आहे. खरी अडचण पुराव्याची. तेच मॉडेल विंडोजविना मिळत असेल, तर किमतीतल्या फरकावरून रक्कम सिद्ध होते, पण 'मग सक्ती कुठली?' असं समोरचा वकील विचारणार. मिळत नसेल तर सक्ती दिसते, रक्कम दिसत नाही. तेव्हा त्याच कंपनीचं, तेवढ्याच रॅम-प्रोसेसरचं डॉसवालं (विंडोजविना विकलं जाणारं) मॉडेल शोधून दोन्हींच्या किमतींचे तारखेसह स्क्रीनशॉट ठेवा. विंडोजची बाजारातली सुटी किंमत मागू नका. उत्पादकाला ते त्याहून स्वस्तात मिळतं, आणि फुगवलेली मागणी ग्राहक आयोगापुढे टिकत नाही.

बिलावर जीएसटी क्रमांक असेल तर 'व्यावसायिक खरेदी' असा आक्षेप येईल. स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी घेतलेली वस्तू कलम २(७) च्या स्पष्टीकरणाने या आक्षेपातून सुटते. तक्रारीत ते स्पष्ट लिहा.

युरोपीय न्यायालयाचा २०१६ चा सोनी निकालही पुढे केला जाईल : खरेदीआधी पूर्ण माहिती दिली असेल, तर सॉफ्टवेअरसह विक्री आपोआप अनुचित ठरत नाही. तो इथे बंधनकारक नाही. तरी विक्रीच्या वेळी तुम्हाला काय सांगितलं होतं, ते आत्ताच लिहून ठेवा.

स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ ला अँड्रॉइड प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला, त्यातही अ‍ॅप्सचा पूर्ण संच आधीच घालण्याची सक्ती हा मुद्दा होता. पण दंड सरकारजमा होतो, तुमच्या हाती त्यातून परतावा येत नाही.

तेव्हा आधी दोघांना स्पीड पोस्टाने नोटीस द्या, १५ दिवसांची मुदत ठेवा : परवान्याची रक्कम द्या, नाहीतर लॅपटॉप घेऊन पूर्ण किंमत परत करा. उत्तर आलं नाही तर वडोदरा जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. राहत्या ठिकाणी ती करता येते, मुदत दोन वर्षांची आहे आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही.