आई हॉस्पिटलमध्ये असंबद्ध बोलतेय, डॉक्टर म्हणतात "वय झालंय". आईची बाजू कशी मांडू?

तुम्ही लिहिलंय की आई ७६ वर्षांच्या आहेत, न्यूमोनियासाठी ऍडमिट केलंय, ताप उतरला पण दोन दिवसांपासून काहीच्या बाही बोलतायत, डॉक्टर राऊंडला येऊन "वय झालंय, होतं असं" म्हणून पुढच्या बेडकडे जातात आणि तुम्हाला भीती वाटते की जास्त विचारलं तर आईकडेच दुर्लक्ष होईल. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते. पण अण्णांचं (माझे वडील, तेव्हा ८१) खुब्याचं ऑपरेशन मिरजेत झालं तेव्हा अगदी हेच वाक्य मी ऐकलंय.

सगळ्यात आधी हे बघा की त्या डॉक्टरांना तुमची आई आजारी पडायच्या आधी कशी होती हे माहीतच नाही. त्यांनी पहिल्यांदा बघितली ती ताप चढलेली, धाप लागलेली एक म्हातारी बाई. आता ती बडबडतेय म्हटल्यावर त्यांना वाटतं घरीही थोडं विसरणं, बडबडणं चालूच असेल. तुमच्याकडे असलेली आणि त्यांच्याकडे नसलेली माहिती ही एवढीच आहे, आणि तीच सगळ्यात किमती आहे. "आई कशीतरीच करते" असं सांगून काही होत नाही. "सर, मागच्या आठवड्यात ती एकटी बँकेत जाऊन पासबुक भरून आली, भाजीवाल्याशी पाच रुपयांवरून भांडली, आणि परवा रात्रीपासून मला ओळखत नाही", असं सांगा. आणि सरळ विचारा, हे डिलिरियम आहे का, असेल तर कशामुळे, आणि त्यासाठी काय काय तपासलं?

डिलिरियम म्हणजे आजारपणात अचानक आलेला गोंधळ. म्हाताऱ्या माणसांना हॉस्पिटलमध्ये हे खूप होतं, पण "खूप जणांना होतं" म्हणजे "काही करायची गरज नाही" असं नाही, कारण मागे बहुतेक वेळा काहीतरी सापडतं. इन्फेक्शन पुरतं गेलेलं नसतं, ऑक्सिजन कमी पडतो, शुगर वरखाली, लघवी तुंबलेली, चार दिवस पोट साफ नाही, दुखतंय पण सांगता येत नाही, झोपेची गोळी, नाहीतर अ‍ॅविलसारखं ऍलर्जीचं औषध जे तरुण माणसाला नुसतं पेंगुळतं करतं आणि म्हाताऱ्याला भ्रम आणतं. अण्णांच्या बाबतीत रक्तातलं सोडियम कमी झालं होतं. नॉर्मल १३५ ते १४५ असतं, त्यांचं १२१ आलं. बीपीच्या ज्या गोळीच्या नावापुढे "एच" असतो तिच्यात लघवी वाढवणारं औषध असतं, त्याने सोडियम उतरू शकतं, आणि त्यात ऑपरेशननंतर जेवण नाही. मी रोजचा हिशोब सांगितला, म्हणजे अण्णा रविवारी भिशीची वही तोंडपाठ जुळवत होते वगैरे, तेव्हा कुठे त्या ज्युनिअर डॉक्टरने रक्त पाठवलं. पुढचं त्यांनी छान केलं, सोडियम हळूहळू वाढवलं (ते घाईने वाढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते हे मला तेव्हाच कळलं) आणि अण्णा परत आमचे अण्णा झाले.

अजून एक, हे दिवसभर सारखं नसतं. सकाळी दहाच्या राऊंडला माणूस नीट "नमस्कार डॉक्टर" करतो आणि संध्याकाळी दिवे लागले की सलाईन ओढून काढतो. म्हणून रात्रीचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा आणि तो डॉक्टरांनाच दाखवा, नातेवाईकांच्या ग्रुपवर टाकू नका, आईला बरं झाल्यावर ते आवडणार नाही. आणि उलटा प्रकारही असतो, माणूस एकदम गप्प पडून राहतो, हाकेला नुसतं "हं" करतो, सगळे म्हणतात चला शांत झोपल्या. तो पण डिलिरियम असू शकतो आणि तो तर कोणाच्या लक्षातच येत नाही.

बेडजवळ तुम्ही स्वतः करू शकता असंही बरंच आहे. चष्मा, कानाचं मशीन, कवळी घरी राहिली असेल तर आज आणा, दिसत नाही ऐकू येत नाही अशा माणसाला अनोळखी खोलीत भ्रम होणारच. दिवसा पडदे उघडे, रात्री लाईट कमी. झोपवून पाणी, चहा, पेज काही पाजू नका, नीट बसवून पाजा, ठसका लागत असेल तर सिस्टरना सांगा, न्यूमोनियात हे फार महत्त्वाचं, कारण अन्न श्वासनलिकेत गेलं की पुन्हा तेच. लघवीची नळी लावली असेल तर रोज विचारा "अजून लागणार आहे का?", कारण नळी जितके दिवस राहील तितका इन्फेक्शनचा धोका वाढतो आणि पुष्कळदा ती काढायची राहून जाते. कूस दर दोन तासांनी बदलायची, माकडहाड आणि टाचा रोज बघायच्या, लाली दिसली की त्याच दिवशी एअर बेड मागायचा. हात बांधलेले दिसले तर भांडू नका, "मी बसते इथे, सोडा" म्हणा. रात्री नर्सिंग ब्युरोची बाई ठेवली असेल तर तिलाही हे सगळं सांगून जा, तिला कोणी काही सांगत नाही.

आता तुमची भीती. "जास्त विचारलं तर राग धरतील." खरं सांगू का, डॉक्टर प्रश्नांपेक्षा गर्दीला जास्त वैतागतात. आपल्याकडे डॉक्टरांवर इतके हल्ले झाले की २०१० ला महाराष्ट्रात त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला, त्यामुळे बेडभोवती आठ माणसं बघितली की डॉक्टर मोजकं बोलून सटकतात. म्हणून घरातलं एकच माणूस बोलणार हे ठरवा आणि त्याचं नाव आणि नंबर फाईलवर लिहायला लावा. बाकीच्यांना संध्याकाळी एक मेसेज. (आमचा धाकटा न्यू जर्सीतून रात्री दोनला आर्टिकल पाठवायचा, मी वाचून उत्तर द्यायचे बंद केले आणि घरात शांतता आली.) प्रश्न कागदावर लिहून ठेवा, राऊंडच्या आधी उभे रहा आणि दोनच विचारा, जसं की आज कालपेक्षा काय बदललं, आणि घरी सोडायला नेमकं काय सुधारायचं बाकी आहे. बाकीचे रात्रीच्या आरएमओला (ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरला) विचारा, रात्री अकराला तो माणूस निवांत बोलतो. सिस्टरना ड्युटी बदलताना अडवू नका. आणि तुमचा घरचा फॅमिली डॉक्टर असेल तर त्यांना एक फोन करायला सांगा, डॉक्टर डॉक्टरशी जे बोलतो ते आपल्याशी बोलत नाही, हे काही बरोबर नाही पण आहे तसं आहे.

आईच्या घरच्या सगळ्या गोळ्या पिशवीसकट घेऊन जा. यादी नको, पाकिटंच. एकच औषध दोन कंपन्यांच्या नावाने दोनदा चालू असणं हे सर्रास होतं.

हक्काचं म्हणाल तर ते आहेत, पण ते पहिल्याच दिवशी तोंडावर फेकू नका. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रेकॉर्ड मागितलं की ७२ तासांत द्यावं लागतं. दुसऱ्या डॉक्टरचं मत घेणं, बिलाचा तपशील मिळणं, हे राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या २०१८ च्या रुग्णहक्क सनदेत आहे आणि महाराष्ट्रात २०२१ पासून नर्सिंग होमच्या नियमांतही रुग्णहक्क आलेत. पण व्यवहारात रोजच्या रिपोर्टचा मोबाईलवर फोटो काढून ठेवणं सगळ्यात सोपं, सेकंड ओपिनियन घ्यायची वेळ आली तर हात पसरावे लागत नाहीत. पैशांची ओढाताण असेल तर हॉस्पिटल धर्मादाय ट्रस्टचं आहे का बघा, तसं असेल तर १० टक्के खाटा गरिबांसाठी मोफत आणि १० टक्के सवलतीत ठेवाव्याच लागतात, तिथल्या समाजसेवकाला भेटा, काउंटरवरचा क्लार्क हे आपणहून सांगत नाही. आई सत्तरच्या पुढच्या आहेत म्हणजे आयुष्मान वय वंदना कार्डाचंही (सत्तरीपुढच्यांसाठीची सरकारी उपचार योजना) विचारा, त्याला उत्पन्नाची अट नाही, फक्त ते हॉस्पिटल योजनेत हवं.

आणि हो, आई शुद्धीवर असतील तेव्हा डॉक्टरांना आईशी बोलायला लावा. सगळे तिच्या डोक्यावरून आपल्याशी बोलतात, ती तिथेच पडलेली असते. व्हेंटिलेटर, आयसीयू याबद्दल तिला काय हवंय हे ती सांगू शकते तोवर विचारून घ्या. सुप्रीम कोर्टाने २०१८ ला लिव्हिंग विलला (शेवटच्या आजारपणात कुठले उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणं) मान्यता दिली आणि २०२३ ला ते सोपं केलं, आता दोन साक्षीदार आणि नोटरी पुरतो. आमच्याकडे अण्णांनीच विषय काढला, आम्हीच टाळत होतो.

डिस्चार्जच्या दिवशी सगळ्यांचं लक्ष बिलाकडे असतं. विम्याचं कॅशलेस असेल तर नियमाने तीन तासांत मंजुरी यायला हवी, त्या वेळात खाली लॉबीत बसू नका, सिस्टरबरोबर डिस्चार्ज समरी हातात घेऊन एकेक गोळी वाचा. नवीन कुठली, किती दिवस, आणि जुन्यातली कुठली बंद. "बंद" हा शब्द लिहूनच घ्या. कितव्या दिवशी कुठलं रक्त परत तपासायचं तेही, आणि रविवारी रात्री काही झालं तर फोन नक्की कोणाला करायचा, हॉस्पिटलच्या बोर्डावरचा नंबर नको, उचलला जातो तो.

उद्याच्या राऊंडला तेवढं सोडियम आणि शुगर केलीय का विचारा.