प्रकाशापेक्षा वेगवान यानाचं तिकीट आत्ताच काढावं का?

तुम्ही विचारलंय की जळगावात एक एजंट प्रकाशापेक्षा वेगाने जाणाऱ्या यानाचं आगाऊ आरक्षण अकरा हजार टोकन घेऊन देतोय, तर किती दिवस आधी बुक करावं आणि सामान किती नेता येईल?

टोकन देऊ नका. सामानाचा प्रश्न मात्र चांगला आहे, सगळी गोम तिथेच आहे.

भुसावळला लोको शेड असल्यामुळे आपल्याकडे एक समज पक्का बसलाय: वेग कमी पडला की जास्त ताकदीचं इंजिन जोडा. आमचे मेहुणे वीस वर्षं हेच धरून बसलेत. रुळावर ते खरंही आहे. पण प्रकाशाच्या, म्हणजे सेकंदाला 2,99,792 किमीच्या जवळ गेलं की जितकी ऊर्जा ओताल तितकी वेगातली वाढ कमी मिळते. 60 किलोचा माणूस प्रकाशाच्या 99 टक्के वेगाला न्यायचा तर नुसत्या त्याच्या देहालाच सुमारे नऊ लाख कोटी युनिट लागतात. अख्ख्या भारताची पाच वर्षांची वीज! यात यान नाही, इंधन नाही, पोहोचल्यावर ब्रेक मारायची ऊर्जा नाही. सोबत पाच किलो बिबडे घेतले की आणखी 76 हजार कोटी युनिट. तिथून 99.9 टक्क्यांवर जायचं तर सगळा हिशेब साडेतीन पट होतो, आणि 100 ला आकडा अनंतच. मेहुण्यांनी हे दोनदा वाचावं: दोष इंजिनाचा नाही.

वेळापत्रकाचंही तेच. सूर्य सोडला तर सर्वात जवळचा तारा प्रॉक्सिमा सेंटॉरी, 4.24 प्रकाशवर्षं, म्हणजे प्रकाशालाही तिथे जायला 4.24 वर्षं लागतात. शरीराला सोसेल अशा, पृथ्वीवरच्या वजनाइतक्या रेट्याने अर्ध्या वाटेपर्यंत वेग वाढवायचा, मग यान उलटं फिरवून कमी करायचा. प्रवाशाच्या घड्याळात साडेतीन वर्षं जातात, रावेरला थांबलेल्या घरच्यांची जवळपास सहा. प्रकाशाच्या पुढे गेलात तर काही निरीक्षकांच्या लेखी तुम्ही निघण्याआधीच पोहोचलेले असता. मग तिकीट रद्द करायची मुदत कुठून मोजणार?

एजंट 2011 च्या न्यूट्रिनो नावाच्या अतिसूक्ष्म कणांचा दाखला देईल. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतून इटलीतल्या ग्रान सासो प्रयोगशाळेपर्यंत 730 किमी येताना ते प्रकाशापेक्षा 60 नॅनोसेकंद लवकर पोहोचल्याचं मोजमाप आलं होतं. पुढे मुख्य कारण सापडलं, ऑप्टिकल फायबरचा कनेक्टर नीट आवळलेला नव्हता.

खरी विकली जाणारी तिकिटं वेगळी. पर्यटकांना अवकाशाच्या कडेपर्यंत नेणाऱ्या व्हर्जिन गॅलॅक्टिक कंपनीने 2021 मध्ये 4.5 लाख डॉलर दर ठेवला. वेग सेकंदाला एक किमीच्या आसपास, म्हणजे प्रकाशाच्या वेगाचा तीन लाखावा भाग, आणि वजनरहित अवस्था काही मिनिटं. सुरुवातीला 2 लाख डॉलरला नाव नोंदवलेल्यांनाही पहिल्या व्यावसायिक उड्डाणासाठी 2023 उजाडेपर्यंत थांबावं लागलं.

हो, एक राहिलं. 1994 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ अल्क्युबिएरे यांनी यानाऐवजी अवकाशच पुढे आकुंचन आणि मागे प्रसरण पावेल अशी गणिती मांडणी केली. गणित बसतं, पण त्याला ऋण, म्हणजे शून्याहूनही कमी, ऊर्जा लागते आणि तेवढी कुठेही मिळालेली नाही. एजंटकडे असेल तर आधी ती दाखवायला सांगा.

पैसे यूपीआयने देऊन बसला असाल तर व्यवहाराचा यूटीआर क्रमांक हाताशी ठेवा आणि आजच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.