साका विरघळून गेला होता

“ताई, थिअरीचं तिला सगळं येतं. पण लॅबमध्ये शिरली की हात कापतात, सॉल्टच ओळखता येत नाही.”

डिसेंबरात लोकमान्य नगरातून आलेली आई सांगत होती. लेक सीबीएसईची, बारावीत. सॉल्ट म्हणजे केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला मिळणारा अनोळखी क्षार, चाचण्या करून त्यात काय आहे ते ओळखायचं. ही काळजी घेऊन इंदूरचे पालक दर हिवाळ्यात माझ्याकडे येतात.

आईला बाहेर बसवलं आणि मुलीला म्हटलं, “त्या दिवशी काय काय केलंस, एकेक हालचाल सांग.”

द्रावण रंगहीन होतं. तिनं सोडियम हायड्रॉक्साइड घातलं, काहीच दिसलं नाही, म्हणून ‘अ‍ॅल्युमिनियम नाही’ असं लिहिलं. होतं नेमकं तेच. सर वर्गासमोर रागावले.

“किती थेंब घातलेस?”

बराच वेळ ती गप्प. मग म्हणाली, “ओतलंच. लवकर संपवायचं होतं.”

मी स्वतः बीएस्सीला केमिस्ट्री घेतली होती, म्हणून धागा लगेच सापडला. अ‍ॅल्युमिनियमच्या द्रावणात सोडियम हायड्रॉक्साइड थेंबथेंब घातलं की पांढरा, जेलीसारखा साका येतो. जास्त झालं की तोच विरघळतो आणि नळी पुन्हा निवळ दिसते. जस्ताचंही तसंच, फरक कळतो अमोनियानं, कारण जस्ताचा साका जास्त अमोनियात विरघळतो, अ‍ॅल्युमिनियमचा राहतो. तिला हे सगळं पाठ होतं. भीतीपोटी घाई झाली आणि साका दिसायच्या आत विरघळून गेला.

मी काही सांगितलं नाही, तिचीच वही वाचायला लावली. ‘एक्सेस’, म्हणजे जास्त, या शब्दावर ती अडली. डोळे भरून आले. “म्हणजे मला येत होतं?”

मग तीन आठवडे ड्रॉपर आणि साधं पाणी. एक थेंब, श्वास सोडायचा, नळी हलवायची, दिसलं ते मोठ्यानं बोलायचं. आयनाचं नाव त्यानंतर.

आईला विनंती केली, ‘किती मिळाले’ऐवजी ‘आज कोणता रंग दिसला’ विचारा. प्रॅक्टिकलच्या 30 गुणांत सॉल्टचे 8. त्या 8 गुणांपायी घरात अबोला धरणं मला फार क्रूर वाटतं. मात्र प्रत्येकच परीक्षेत हात कापत असतील, झोप उडाली असेल, तर नुसत्या ड्रॉपरवर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.

जानेवारीत तिचा फोन आला. “ताई, आज निकेल होतं. अमोनियानंतर निकेल ओळखायचं ते रसायन, डीएमजी, घातलं, लालभडक झालं. हात कापत होते, पण थेंब मोजले मी.”